हिशेबातला ‘आर’ : स्प्रेडशीटमधल्या बटणांचा छोटासा इतिहास

मार्चअखेरीला आमच्या सोसायटीच्या हिशेबात २,४०० रुपये कमी भरत होते. हा हिशेब आई ठेवते. निवृत्त झाल्यावर तिने हे काम अंगावर घेतलं आणि ती किती काटेकोर आहे हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. पावती पुस्तकाची बेरीज एक येत होती, एक्सेलमधली दुसरी. दोन दिवस तिने घरात कुणाला धड उत्तर दिलं नाही. शेवटी मी लॅपटॉप घेऊन एकेक ओळ बघत गेले, तर एका फ्लॅटच्या मेंटेनन्सच्या रकमेच्या जागी रोमन लिपीतलं एक बारीकसं ‘आर’ अक्षर बसलेलं! एक्सेलमध्ये कॉलमची बेरीज करताना मधे अक्षर आलं तर ते मुकाट्याने वगळलं जातं. चूक म्हणून काही दाखवलं जात नाही. गेले २,४००.

“आई, हे ‘आर’ कुणी टाइप केलं?”

“मी कशाला टाइप करू? ‘आर’वरून कुणी राहतं का आपल्याकडे?”

मग मी तिच्या मागे खुर्ची टाकून बसले. ती पावत्या बघून आकडे भरत होती. दहा मिनिटांनी फाइल सेव्ह करायची वेळ आली. तिने माउसला हात लावला नाही, कंट्रोल-एसही दाबलं नाही. बोटांनी सटासट पाच बटणं दाबली : स्लॅश, एफ, एस, एंटर, आर. फाइल सेव्ह झाली. एंटरमुळे कर्सर एक सेल खाली सरकला आणि तिथे ‘आर’ उमटला. तिच्या ते लक्षात आलं, तिने एस्केप दाबलं आणि पुढे चालू. चोर सापडला होता. एखाद्या दिवशी फोन वाजला असेल, दाराची बेल वाजली असेल, एस्केप दाबायचं राहिलं असेल.

“पण स्लॅश कशाला दाबतेस?”

“मेनू उघडतो ना स्लॅशने.”

मला हे माहीत नव्हतं. माझ्या पीएचडीचा विषय कार्यालयीन कामाच्या यंत्रांचा इतिहास, मी दिवसभर एक्सेलमध्ये असते, आणि मला माहीत नव्हतं! विंडोजवरच्या एक्सेलमध्ये एखाद्या रिकाम्या सेलवर उभं राहून नुसतं स्लॅशचं बटण दाबून बघा. वरच्या पट्टीवर छोटी छोटी अक्षरं उमटतील, ऑल्ट दाबल्यावर उमटतात तशीच. मग एफ म्हणजे फाइल, एस म्हणजे सेव्ह. हे आपोआप झालेलं नाही. एक्सेलच्या सेटिंग्जमध्ये आजही ‘लोटस कंपॅटिबिलिटी’ नावाचा कप्पा आहे आणि मेनू उघडायचं बटण म्हणून तिथे स्लॅश लिहिलेलं असतं.

आईने नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. तेव्हाच्या क्लासेसचा ठरलेला मेनू : डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस. मग पतसंस्थेत तिने बरीच वर्षं लोटसवर काम केलं. पुढे तिथे दुसरं सॉफ्टवेअर आलं आणि लोटस सुटलं. एक्सेल तिला कुणी शिकवलंच नाही. स्लॅश दाबलं, मेनू उघडला, एफ आणि एस चाललं, म्हणून ती पुढे चालत राहिली.

तर आजचा लेख या पाच बटणांबद्दल. त्यातली तीन आजही का चालतात आणि उरलेली दोन का फसतात, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

दोनच बाण

कागदी खतावणीत ‘फिरणं’ हा प्रश्नच नसतो. वही उघडी असते, नजर हवी तिथे जाते, बोट ओळीवर ठेवलं की काम झालं. पडद्यावर तसं नाही. तक्ता मोठा असतो आणि पडदा म्हणजे त्यावरची छोटी खिडकी. तक्त्यात आपण आत्ता कुठे उभे आहोत आणि हव्या त्या जागी कसं जायचं, हा प्रश्न स्प्रेडशीटच्या जन्माबरोबरच आला.

१९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी डॅन ब्रिकलिन वर्गात बसून एक कल्पना रंगवत होता. आपल्या कॅल्क्युलेटरच्या पोटाला माउससारखा गोळा असावा, आकडे डोळ्यांसमोर तरंगावेत, एखादा आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत. बघा, कल्पनेत फिरण्याचं साधन आधीच होतं, आणि ते माउससारखं होतं.

प्रत्यक्षात त्याच्या हाती उसना आणलेला ॲपल टू आला. त्यावर त्याने बेसिक भाषेत कच्चा नमुना केला. कर्सर हलवायला त्याने आधी खेळाचं पॅडल वापरून बघितलं, तेच ते गोल खुंटी फिरवायचं साधन. पण नेमक्या सेलवर थांबायला ते कामाचं नव्हतं. मग बाणांची बटणं. आता गंमत अशी की ॲपल टूच्या कीबोर्डवर बाण दोनच होते, डावा आणि उजवा. वर-खाली जायचं कसं? त्यांनी स्पेसबारला कामाला लावलं. स्पेसबार एकदा दाबला की तेच दोन बाण आडव्याऐवजी उभे चालायचे, पुन्हा दाबला की परत आडवे. सध्या कोणती दिशा चालू आहे ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातलं चिन्ह सांगायचं : आडवी रेघ असेल तर आडवं, उद्गारचिन्ह असेल तर उभं.

हाच व्हिजिकॅल्क. बॉब फ्रँकस्टनने तो प्रत्यक्ष लिहून काढला आणि १९७९ च्या शेवटी तो बाजारात आला. तक्ता ६३ कॉलम आणि २५४ ओळींचा, आणि पडदा फक्त ४० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच. एकेक पाऊल टाकत २५४ व्या ओळीला जायचं म्हणजे देवदर्शनाची रांगच. म्हणून ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह टाइप करून सेलचा पत्ता लिहिला की कर्सर थेट तिथे उडी मारायचा. आणि तक्त्याला काही हुकूम द्यायचा असेल तर आधी स्लॅश. निवड अगदी व्यवहारी. सेलमध्ये कुणी आकडा लिहिणार, नाव लिहिणार किंवा अधिक-उणे चिन्हाने सूत्र सुरू करणार. स्लॅशने सुरुवात करायचं कुणाला काही कारण नव्हतं. रिकामं बटण होतं, ते घेतलं. मग बी म्हणजे ब्लँक, एम म्हणजे मूव्ह, आर म्हणजे रेप्लिकेट.

म्हणजे आईच्या पाच बटणांतलं पहिलं बटण १९७९ चं आहे, आणि ते लोटसचंही नाही.

लोटस आणि आयबीएमचा कीबोर्ड

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि जानेवारी १९८३ मध्ये त्यावर चालणारं लोटस १-२-३. मिच केपॉर आणि जोनाथन सॅक्स यांचं हे काम. केपॉर आधी व्हिजिकॅल्क विकणाऱ्या कंपनीसाठी काम करून आलेला. त्याला व्हिजिकॅल्कची माणसं आपल्याकडे वळवायची होती. त्यामुळे स्लॅश तसाच राहिला. फरक हा की व्हिजिकॅल्कमध्ये स्लॅशनंतर नुसती अक्षरांची रांग दिसायची, तर लोटसमध्ये पूर्ण शब्दांचा मेनू आणि त्याखाली एका ओळीचं स्पष्टीकरण. नवखा माणूस बाणांनी मेनूवर सरकत वाचायचा. मुरलेला माणूस न वाचता पहिली अक्षरं दाबत सुटायचा. शिकणाऱ्याला आणि शिकलेल्याला एकच वाट. फक्त एक चालत जातो, दुसरा धावत.

आयबीएमच्या कीबोर्डवर डाव्या बाजूला दहा फंक्शन बटणं होती. लोटसने ती वाटून टाकली. एफ१ मदत, एफ२ सेलमधला मजकूर दुरुस्त करणं, एफ३ दिलेल्या नावांची यादी, एफ४ सूत्रातला पत्ता डॉलरचं चिन्ह लावून पक्का करणं, एफ५ थेट एखाद्या पत्त्यावर जाणं, एफ६ एका खिडकीतून दुसरीत, एफ९ पुन्हा आकडेमोड. लोटसच्या खोक्यात प्लॅस्टिकची एक पट्टी यायची, फंक्शन बटणांभोवती ठेवायला. कुठलं बटण कशाचं ते तिच्यावर छापलेलं असायचं. आता आजच्या एक्सेलमध्ये हीच बटणं दाबून बघा. एफ१, २, ३, ४, ५, ६ आणि ९. दहापैकी सात बटणं जवळजवळ तेच काम करतात.

बाण मात्र अडचणीच्या जागी होते. उजवीकडच्या अंकांच्या बटणांवरच बाण छापलेले. नम लॉक चालू असेल तर आकडे, बंद असेल तर बाण. ज्या माणसाचं काम आकडा भरणं आणि पुढच्या सेलवर जाणं एवढंच आहे, त्याच्यासाठी ही केवढी कटकट! ॲपलच्या स्पेसबारचीच ही दुसरी आवृत्ती, एक बटण आणि दोन कामं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आयबीएमने १०१ बटणांचा नवा कीबोर्ड काढला. त्यात बाण वेगळे झाले आणि फंक्शन बटणं वर गेली. आज आपल्या टेबलावर असतो तो मांडणीने त्याचाच वंशज.

लोटसची मला सर्वांत आवडलेली युक्ती म्हणजे एंड. एंड दाबायचं, सोडायचं, मग बाण दाबायचा. कर्सर भरलेल्या सेलवर असेल तर त्या दिशेने जिथे माहिती संपते तिथे जाऊन थांबतो. रिकाम्या सेलवर असेल तर पुढच्या भरलेल्या सेलपर्यंत जातो. म्हणजे हे बटण अंतर मोजत नाही, माहितीचा काठ शोधतं. एक्सेलमध्ये आपण कंट्रोल आणि बाण दाबतो ते हेच. जुनी पद्धतही तिथे जिवंत आहे : एंड दाबा, खालच्या पट्टीवर ‘एंड मोड’ असं उमटेल, मग बाण दाबा. मधे एखादा सेल रिकामा राहिला असेल तर कर्सर तिथेच अडखळतो, आणि माहितीला भोक पडलंय हे बेरीज करण्याआधीच कळतं. कॉलम पूर्ण रिकामा असेल तर मात्र आजच्या एक्सेलमध्ये तुम्ही थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन आदळता. तिथून कंट्रोल-होमने घरी या.

आता ‘आर’. लोटसमध्ये स्लॅश, एफ, एस केलं की फाइलचं नाव विचारलं जायचं. जुनंच नाव समोर असायचं, म्हणून एंटर. मग पडद्यावर प्रश्न यायचा : रद्द करू की जुन्या फाइलच्या जागी ही नवी ठेवू? नवी ठेवायची तर रिप्लेस, म्हणजे आर. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “हो, हो, रिप्लेस! आर दाबलं नाही तर दिवसाचं काम गेलं.” तिच्या बोटांत तो आर काम वाचवणारा होता. एक्सेलने पहिली तीन बटणं जपली, पण नाव विचारणं आणि खात्री करणं काढून टाकलं. तिची बोटं मात्र पूर्ण मंत्र म्हणत राहिली, आणि काम वाचवणारं बटण रक्कम पुसायला लागलं.

लोटसचे मॅक्रोही असेच बनायचे. जी बटणं दाबायची तीच अक्षरं एका सेलमध्ये ओळीने लिहून ठेवायची, एंटरसाठी लाटेसारखं चिन्ह. मॅक्रो चालवला की कॉम्प्युटर ती बटणं स्वतः दाबल्यासारखं करायचा. म्हणजे मेनूतल्या शब्दांचा क्रम बदलला की बोटांची सवय तर मोडणारच, शिवाय लिहून ठेवलेले सगळे मॅक्रोही मोडणार. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कोर्टात लागणार आहे.

बाण नसलेला कीबोर्ड

१९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला, आणि त्याच्या कीबोर्डवर बाणच नव्हते. विसरले नव्हते, मुद्दाम ठेवले नव्हते. बाण दिले तर लोक जुन्याच सवयीने काम करतील आणि सॉफ्टवेअर लिहिणारेही जुनेच प्रोग्रॅम उचलून आणतील, ही भीती. माउस वापरायलाच लावायचा होता. एक्सेलचा जन्म या यंत्रावर झाला, १९८५ मध्ये. १६,३८४ ओळींचा तक्ता आणि हातात माउस. सेलवर टिचकी मारा, ओढत न्या, निवडा. ब्रिकलिनच्या कल्पनेतला गोळा अखेर आला.

माउसचे फायदे खरे आहेत. काय काय करता येतं हे पडद्यावर दिसतं, पाठ करावं लागत नाही. सूत्रात कुठला सेल घ्यायचा तो बोट दाखवल्यासारखा दाखवता येतो. पण शेकडो ओळी ओढत निवडायच्या तर हात घसरतो, पडदा धावत सुटतो. आणि दर आकड्यानंतर हात कीबोर्डवरून माउसवर नेऊन परत आणायचा, हे दिवसभर करून बघा. ॲपललाही हे कळलं. १९८६ च्या मॅक प्लसच्या कीबोर्डवर बाण परत आले.

एक्सेल १९८७ मध्ये विंडोजवर आलं तेव्हा बाजार लोटसचा होता. ऑफिसांमधली माणसं स्लॅशवर पोसलेली. मायक्रोसॉफ्टने त्यांना ‘तुमचं सगळं विसरा’ असं सांगितलं नाही. स्लॅशने मेनू उघडेल, एफ५ ने जाता येईल, एंड चालेल. आणखी हवं असेल तर ‘ट्रान्झिशन नॅव्हिगेशन कीज’ नावाचा पर्याय, तोही आजवर आहे. तो लावला की नुसतं होम दाबल्यावर थेट ए१ ला जाता येतं, लोटसमध्ये जायचं तसं. एरवी एक्सेलमध्ये होम ओळीच्या सुरुवातीला नेतं. लोटसने १९०० हे लीप वर्ष धरण्याची चूक केली होती. जुन्या फाइलींच्या तारखा जुळाव्यात म्हणून एक्सेलने तीसुद्धा घेतली. सासरी येताना माहेरची सगळी भांडी आणावीत, चीर गेलेलं पातेलंसुद्धा, तसं.

बोटांची सवय कुणाच्या मालकीची?

दुसऱ्याच्या मेनूसारखा मेनू देणं म्हणजे चोरी का? लोटसचं म्हणणं, हो. १९८७ मध्ये त्यांनी पेपरबॅक सॉफ्टवेअर या कंपनीवर खटला भरला. ही कंपनी ॲडम ऑस्बोर्नची. हा माणूस लहानपणी तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैत वाढलेला, पुढे अमेरिकेत त्याने उचलून नेता येईल असा कॉम्प्युटर विकून नाव कमावलं. त्याचं व्हीपी-प्लॅनर साधारण १०० डॉलरला मिळायचं, लोटस ४९५ डॉलरला, आणि मेनू लोटससारखाच. १९९० मध्ये न्यायाधीश रॉबर्ट कीटन यांनी लोटसच्या बाजूने निकाल दिला.

लगेच लोटसने बोरलँडला कोर्टात खेचलं. बोरलँडचं क्वात्रो प्रो स्वतःचा वेगळा मेनू देत होतं, पण हवं असेल तर लोटसचा मेनू जसाच्या तसा उघडायची सोयही होती. त्यामागचा प्रोग्रॅम बोरलँडने स्वतः लिहिला होता. घेतलेले होते ते फक्त शब्द आणि त्यांचा क्रम : ४६९ हुकूम, पन्नासहून जास्त मेनूंमध्ये मांडलेले. खालच्या कोर्टात बोरलँड हरलं. मार्च १९९५ मध्ये बोस्टनच्या अपील कोर्टाने निकाल उलटवला. त्यांचं म्हणणं साधं होतं : हा मेनू म्हणजे यंत्र चालवायची पद्धत आहे, व्हीसीआरवरच्या बटणांसारखी, आणि पद्धतीवर कॉपीराइट लागत नाही. मॅक्रोंचाही विचार त्यांनी केला. दर नव्या प्रोग्रॅमसाठी वापरणाऱ्याला त्याच कामाच्या बटणांचा नवा क्रम शिकायला लावायचा आणि मॅक्रो पुन्हा लिहायला लावायचा, हे त्यांना पटेना. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. एक न्यायमूर्ती बाजूला राहिले आणि जानेवारी १९९६ मध्ये मतं पडली चार विरुद्ध चार. त्यामुळे अपील कोर्टाचा निकाल कायम राहिला, पण देशभर लागू होईल असा नियम काही झाला नाही.

या निकालाला न्यायाधीश मायकल बूडिन यांनी स्वतंत्र पुरवणी जोडली आहे. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा सांगाडा तिच्यावर उभा आहे. ते विचारतात, समजा टायपिंगच्या क्वर्टी कीबोर्डची मालकी एकाच कंपनीकडे असती तर? तो शिकलेला प्रत्येक टायपिस्ट त्या कंपनीचा बंदी झाला असता. मेनूचंही तसंच. शिकण्यासाठी वेळ वापरणाऱ्याने घातला, मॅक्रो त्याने लिहिले. मग त्या शिकण्याच्या जोरावर लोटसने त्याला कायमचं बांधून का ठेवावं? २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकलच्या निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जवळपास याच दिशेने बोट दाखवलं. प्रोग्रॅमर लोकांनी आधीच कमावलेलं कौशल्य नव्या जागी वापरता यावं, हे त्यांनी गूगलच्या बाजूने मोजलं.

अर्थशास्त्राच्या इतिहासात क्वर्टीवर एक जुना वाद आहे. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये लिहिलं की एकदा पडलेली पायवाट सोडणं महाग पडतं, म्हणून चांगला पर्याय असूनही लोक जुन्यातच अडकून राहतात. १९९० मध्ये लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी उलट मांडलं : क्वर्टी इतकी वाईट असल्याचा पुरावाच कच्चा आहे. दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच, चांगलं साधन जिंकलं की वाईट? मला त्यातून एक गोष्ट निसटलेली दिसते. सवय म्हणजे नुसती बेडी नव्हे. ती कामगाराची कमाई आहे. आईने क्लासची फी भरली, घर सांभाळून संध्याकाळी बटणं पाठ केली. ती कमाई पासबुकात दिसत नाही, पण लोटस बंद झालं तेव्हा ती बुडू शकत होती. स्लॅश चालू राहिल्यामुळे तिचा काही भाग वाचला.

वाट ठेवणं आणि अर्धी वाट ठेवणं

अलीकडची दोन उदाहरणं देते. २००७ मध्ये एक्सेलचा जुना मेनू गेला आणि वरची रुंद पट्टी, म्हणजे रिबन, आली. पण ‘एडिट’ मेनू उरला नसतानाही ऑल्ट, ई, एस, व्ही हा क्रम आजही चालतो, फक्त आकडे चिकटवण्यासाठी. दार काढलं, तरी ज्यांना आतली खोली पाठ आहे त्यांच्यासाठी भिंतीतून वाट ठेवली.

दुसरं आपल्या शेजारचं. महाराष्ट्रात कुठल्याही सीएच्या ऑफिसात जा, टॅलीवर बसलेल्या माणसाचा माउस बाजूला पडलेला असतो. एफ४ काँट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं, पडद्याचं रूप पालटलं, पण ही सहा बटणं जागेवर राहिली. ती हलवली असती तर ज्यांच्या हाताला ती बसली आहेत त्यांना पहिल्या दिवसापासून शिकावं लागलं असतं, आणि तो वेळ कुणी भरून दिला नसता.

तो वेळ कोण भरून देतं, हाच माझा प्रश्न. आईच्या पतसंस्थेत नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा शिकवायला दोन दुपारी दिल्या होत्या. त्याआधी सगळं ऑफिस तिला विचारायला यायचं. नंतर ती नव्या मुलांना विचारायला जायची. “मला काम येत होतं गं,” ती म्हणाली, “बटणं येत नव्हती. पण लोकांना वाटायचं कामच येत नाही.” हे वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

आणि ‘आर’ची गोष्ट मला यासाठीच महत्त्वाची वाटते. जुनी वाट पूर्ण बंद असती तर आईने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, सेव्ह कसं करायचं? पूर्ण चालू असती तर प्रश्नच नव्हता. वाट अर्धी चालू होती. तीन पावलं ओळखीची आणि चौथ्याला पायरीच नाही. जुन्या सवयींना जागा देणाऱ्यांनी त्या सवयी कुठे संपतात हेही बघायला हवं.

२,४०० रुपये पावती पुस्तकावरून परत भरले. आईला मी कंट्रोल-एस शिकवलं. दोन दिवस तिने प्रामाणिकपणे दाबलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा स्लॅश, एफ, एस. मग मी तिला वेगळी सवय लावली. सेव्ह केलं की रकमेच्या कॉलमच्या सुरुवातीला जायचं, एंड आणि खालचा बाण दाबून शेवटपर्यंत यायचं, आणि खालच्या पट्टीवर निवडलेल्या सेलची संख्या पावत्यांच्या संख्येशी जुळते का ते बघायचं. निवडण्यासाठी शिफ्ट धरून ठेवायचं. तिथे दोन संख्या दिसू शकतात : एक सगळ्या भरलेल्या सेलची, दुसरी फक्त आकडे असलेल्या सेलची. दोन्ही सारख्या नसतील तर कुठेतरी अक्षर घुसलंय. दुसरी संख्या दिसत नसेल तर त्या पट्टीवर उजवी टिचकी मारून ‘न्यूमरिकल काउंट’वर खूण करायची.

एंड तिला शिकवावं लागलं नाही. “हे तर लोटसचंच,” ती म्हणाली आणि माझ्या हातून लॅपटॉप ओढून घेतला.

खटल्याची गोष्टही मी तिला सांगितली, चार विरुद्ध चारपर्यंत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे स्लॅश आपलं झालं?”

मी म्हटलं, तसं म्हणायला हरकत नाही.

“मग राहू दे,” असं म्हणून तिने पुढची पावती उलटली.